कीर्द कोणी लिहायची?

"मराठी माणसाला धंदा जमत नाही" हे वाक्य लग्नाच्या पंगतीत हमखास ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही. माणूस राबतो, माल चांगला देतो, गिऱ्हाईकही टिकवतो. अडतं ते वहीपाशी.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याचं भोसरीला लेथचं छोटं वर्कशॉप होतं. ते बंद पडलं तेव्हा हातात ऑर्डरी होत्या, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. शाळेतलं नफा-तोट्याचं गणित आठवा. खरेदी ८०, विक्री १००, नफा २०. पूर्ण गुण! पण ते १०० रुपये हातात आले कधी, हे त्या गणितात कोणी विचारत नाही.

त्याचंच बघा. लाखाचं बिल, वर १८ टक्के जीएसटी, आणि पैसे येणार ९० दिवसांनी. बिल फाडलं की कर लागू. दरमहा विवरण भरणाऱ्याने तो पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. कच्च्या मालावरच्या कराची वजावट मिळते, कामगारांच्या पगारावर कसली वजावट? नफा कागदावर आणि पगार उसनवारीवर!

२००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. (मागितलं तर पुढची ऑर्डर जाईल ही भीती असतेच, ती खोटी नाही.) पण मागायला तरी कोणाचं किती दिवसांचं थकलंय हे ठाऊक हवं ना?

"सीए बघतात सर," असं तो म्हणायचा. अहो, सीए करासाठी वर्षाचा हिशेब बघतात. येत्या शनिवारी पगाराला पैसे पुरतील का, हे ते कसं सांगणार? ते मालकानेच रोज संध्याकाळी बघायचं. आलं किती, गेलं किती, येणं कोणाकडे, किती दिवसांचं. आणि घरखर्चासाठी गल्ल्यातून उचललेले पैसेसुद्धा त्यात लिहायचे. तिथेच बहुतेकांची लेखणी अडते.

पुस्तपालन हा विषय अकरावीला कॉमर्स घेतलं तरच भेटतो. वर्कशॉप काढणारी मुलं तिकडे फिरकत नाहीत. दहावीच्या बीजगणितात २०१८ मध्ये अर्थनियोजनाचा धडा आला, त्यात जीएसटी आहे, शेअर्सही आहेत. उत्तमच. त्याच्या जोडीला मुलांना महिनाभर एखाद्या चहाच्या टपरीची कीर्द लिहायला लावावी, उधारीसकट. टपरीवाले आनंदाने दाखवतील.