धूर गेला, धूळ राहिली



कान्ह्याने माती खाल्ली आणि यशोदेला त्याच्या तोंडात अवघं ब्रह्मांड दिसलं, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. रांगतं मूल माती तोंडात घालणारच, हे प्रत्येक आईला ठाऊक असतं. पण आजच्या शहरातल्या मातीत काय काय दडलेलं असतं, हे शोधण्यात एका अमेरिकन शास्त्रज्ञाने आयुष्य घालवलं. त्यांच्याविषयी आज थोडं लिहितो.

त्यांचं नाव हॉवर्ड मील्की. १९७०च्या दशकात ते बाल्टिमोर शहरात काम करत होते. तिथल्या लहान मुलांच्या रक्तात शिसं सापडत होतं. त्याचा दोष घरांच्या जुन्या रंगाला दिला जाई, आणि ओघानेच रंगाचे पापुद्रे तोंडात घालणाऱ्या मुलांना व त्यांच्याकडे 'लक्ष न देणाऱ्या' आयांनाही! मील्कींनी परसबागांमधली माती तपासली. सर्वात जास्त शिसं निघालं ते शहराच्या मध्यभागी, आणि तिथली बरीच घरं तर बिनरंगाच्या विटांची. मग शिसं आलं कुठून? मोटारींच्या धुरातून. इंजिन खडखडू नये म्हणून १९२०च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळत असत. जिथे रहदारी दाट, तिथली माती जास्त विषारी. १९८३ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

शिसं एवढं वाईट का? तर शरीर त्याला कॅल्शियम समजून आत घेतं. लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त शोषून घेतात आणि घाव बसतो तो वाढत्या मेंदूवर. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने धोक्याची खूण १९९१ साली १०० मिलिलिटर रक्तात १० मायक्रोग्रॅम अशी ठरवली होती. ती २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणली. 'इतकं शिसं चालेल' अशी पातळी सापडलेलीच नाही. वर्गात ज्याचं लक्ष लागत नाही त्याला 'ढ' म्हणून मोकळं होणं सोपं असतं. तो कुठल्या मातीत खेळतो, हे कोण विचारतं?

आता माझा मुद्दा. शिसेयुक्त पेट्रोल अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी १९९६ पासून बंद झालं, आपल्या देशात २००० साली, आणि जगात सर्वात शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये. आपण म्हटलं, सुटलो! पण शिसं हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही की जळून नाहीसं होत नाही. कायदा धूर थांबवतो. साठलेली धूळ तिथेच राहते.

मात्र यावर उपाय आहे, हेही मील्कींनीच दाखवलं. पुढे ते न्यू ऑर्लीन्सला गेले. तिथल्या १० पाळणाघरांच्या अंगणात जुन्या मातीवर सच्छिद्र कापड अंथरून त्यावर सुमारे १५ सेंटिमीटर स्वच्छ माती टाकली. ही माती मिसिसिपी नदीचा गाळ होती. २००५ च्या कतरिना वादळात त्या शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. त्याच्या आधीची आणि नंतरची माती त्यांच्या गटाने ताडून पाहिली. २०१९ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार मातीतलं शिसं किलोमागे ९९ मिलिग्रॅमवरून ५४ वर, तर मुलांच्या रक्तातलं ३.६ मायक्रोग्रॅमवरून १.२ वर आलं होतं. कारणं एकाहून अधिक असतील, पण माती सुधारली तसं रक्तही सुधारलं, एवढं खरं.

आणि आपण? युनिसेफच्या २०२० च्या अहवालाने भारतात सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसं असावं असा अंदाज दिला. आपल्याकडे धुराबरोबरच जुन्या बॅटऱ्या फोडून उघड्यावर शिसं वितळवणारेही आहेत. अशा वेळी 'मुलांनो, हात स्वच्छ धुवा' एवढंच सांगून थांबणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! हात धुवावेतच. पण मुलाचं रक्त बिघडल्यावर जमीन वाईट होती हे कळणं, म्हणजे मुलालाच तपासणीचं यंत्र करणं झालं.

माझं म्हणणं साधं आहे. जुन्या हमरस्त्यांलगतच्या आणि बॅटरीच्या भट्ट्यांजवळच्या अंगणवाड्या व शाळांच्या मैदानांतली माती नगरपालिकांनी तपासावी, आकडे फळ्यावर लावावेत आणि जिथे गरज असेल तिथे चांगली माती टाकावी. 'आपल्याकडे आधीच प्रश्न थोडे आहेत का?' असं कुणी म्हणेल. पण शाळेला रंग लावायला, फाटक उभारायला पैसे मिळतात, मग चार ट्रॉल्या मातीला का मिळू नयेत?

नातवंडांना मातीत खेळू द्या, त्यांना घरात कोंडू नका. फक्त त्यांच्या शाळेत विचारा, मैदानातली माती कधी तपासली आहे का? तुमच्या गावात कुणी तपासली असेल तर मलाही जरूर कळवा.