श्रोत्याचे मत आणि समीक्षकाचा बंद कान

'मत म्हणजे समीक्षा नव्हे' हे वाक्य मराठीच्या अध्यापकवर्गात एखाद्या सुभाषितासारखे रूढ झाले आहे. वाक्य म्हणून ते चूक नाही. परंतु ते कोणाच्या बाबतीत उच्चारले जाते आणि कोणाच्या बाबतीत गिळले जाते, हे पाहिले की त्याचे खरे स्वरूप उघडे पडते. ज्येष्ठ कवीने नव्या संग्रहाच्या मलपृष्ठावर लिहिलेल्या चार कौतुकाच्या ओळी 'भूमिका' ठरतात. प्रकाशन समारंभातले भाषण नियतकालिकात छापले गेले की त्याची 'आस्वादक समीक्षा' होते. तालुक्याच्या गावातील पदवीच्या वर्गातला मुलगा मात्र एखाद्या कलाकृतीविषयी स्वतःच्या कानाने ऐकून काही बोलला, की ते केवळ मत! आणि ती कलाकृती जर हेवी मेटल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतातली असेल, तर ते मतही नव्हे. तो वयाचा उपद्रव.

या भेदभावाची तपासणी करण्यासाठी मी आयर्न मेडन या ब्रिटिश बँडचा 'पॉवरस्लेव्ह' हा अल्बम आणि त्याविषयी श्रोते व्यक्त करीत आलेली मते घेतो आहे. वाङ्मयीन समीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकात हा विषय उपरा वाटण्याचे कारण नाही. ३ सप्टेंबर १९८४ रोजी प्रसिद्ध झालेल्या, आठ गाण्यांच्या आणि सुमारे ५१ मिनिटांच्या या अल्बमचा शेवट कोलरिजच्या 'द राइम ऑफ द एन्शंट मरिनर' या दीर्घकवितेवर आधारलेल्या तेरा मिनिटांहून मोठ्या रचनेने होतो. बँडचा बेसवादक स्टीव्ह हॅरिस याने ती रचली. कथा स्वतःच्या शब्दांत सांगितली आणि दोन ठिकाणी मूळ कवितेतील कडवी जशीच्या तशी घेतली. हा प्रकार कुठे दूर घडून गेला असेही नाही. १ फेब्रुवारी २००८ रोजी याच बँडच्या जागतिक दौऱ्याचा प्रारंभ मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात झाला आणि त्या कार्यक्रमात ही रचना सादर झाली. १७९८ साली प्रसिद्ध झालेली एक इंग्रजी कविता मुंबईतल्या हजारो श्रोत्यांनी उभ्याने, तिच्या पूर्ण लांबीसह ऐकली. आपल्या वाङ्मयीन चर्चाविश्वाने या घटनेची दखल घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता मतांकडे वळू. 'पॉवरस्लेव्ह'विषयी सर्वांत जास्त ऐकू येणारे मत असे : आरंभीची दोन गाणी आणि शेवटची दोन गाणी थोर, मधली चार भरीची. हे मत वरवर पाहता गुणांकन आहे. पण 'भरीचे' ही कल्पना आपल्याला परकी आहे काय? छंदोबद्ध रचनेतल्या पादपूरक शब्दांना आपण भरीचेच म्हणतो, आणि ते म्हणताना संपूर्ण रचनेचे एक मनोमन आखलेले चित्र आपल्यापुढे असते. अमुक गाणे भरीचे आहे असे म्हणणारा श्रोता आठ सुट्या गाण्यांविषयी बोलत नसतो, एका घाटाविषयी बोलत असतो. दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकाचे गाणे, अण्वस्त्रांच्या छायेतले गाणे, मरणाला सामोरा जाणारा आणि स्वतःला देव मानणारा फेरो, आणि अखेरीस शापित दर्यावर्दी असा मृत्यूचा एक सूत्रबद्ध प्रवास त्याने ऐकलेला असतो. मध्ये तलवारबाजीवरची दोन गाणी पाठोपाठ आली की तो अडखळतो. (गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः तलवारबाज असल्याने त्याची हौस येथे भागली असावी, हा श्रोत्यांचा शेराही मला निव्वळ गंमत वाटत नाही. लेखकाच्या चरित्राचा संहितेवर पडणारा भार हा आपल्याकडे प्रबंधांचा विषय आहे.)

याच्या उलट मत देणारेही आहेत, आणि ते बहुधा वयाने मोठे असतात. त्यांनी हा अल्बम तबकडीवर किंवा कॅसेटवर ऐकला. मूळ तबकडीच्या पहिल्या बाजूवर पाच गाणी होती आणि दुसऱ्या बाजूवर तीन. बाजू उलटली की 'बॅक इन द व्हिलेज', मग 'पॉवरस्लेव्ह', मग 'राइम' असा चढत जाणारा क्रम ऐकू येई. या श्रोत्यांच्या लेखी 'मधली चार गाणी' असा काही भागच नव्हता, कारण त्या चारांच्या मधोमध उठून बाजू बदलावी लागे. मोबाइलवर आठही गाणी सलग ऐकणाऱ्या पिढीलाच तो मध्य दिसतो आणि खुपतो. म्हणजे 'भरीची की नाही' हा वाद रुचीचा नसून कलाकृतीच्या घडणीचा आहे : ही कृती एकसंध आठ अंगांची आहे की दोन अंकांची? दिवाळी अंकात सुटी वाचलेली कथा आणि संग्रहात सलग वाचलेली कथा यांच्या अर्थात पडणाऱ्या फरकाविषयी आपण अजूनही पुरेशा गांभीर्याने बोललेलो नाही. या श्रोत्यांनी तो प्रश्न परिभाषेची एकही संज्ञा न वापरता उपस्थित केला आहे.

मेहकरच्या वर्गात मी 'राइम' दोनदा ऐकवले. प्रथम काहीही न सांगता आणि मग कवितेचा मराठी सारांश सांगून. नंतर प्रत्येकाला जे वाटले ते लिहायला सांगितले. बहुतेकांनी 'छान', 'फार मोठे', 'डोके दुखले' असे लिहिले, हे नमूद केले पाहिजे. एका विद्यार्थ्याचे कागदावर काहीच नव्हते. तोंडी तो म्हणाला, "सर, पान्याचं कडवं आधीच येऊन जाते, तवा तहान नाही लागत. मंग मधात गानं थांबूनच जाते, लाकूड कुरकुरते फक्त. तिथं खरी तहान लागते."

हे वाक्य मी समीक्षा मानतो. रचनेत समुद्रावरच्या तहानेचे सुप्रसिद्ध कडवे येते ते वेगवान, दौडत्या ठेक्यावर. तिथे शब्द तहान सांगतात आणि संगीत पळत असते. पुढे, मृत्यू येऊन गेल्यानंतर, वाद्यांचा कल्लोळ एकाएकी ओसरतो, बेसचे मोजके स्वर उरतात, जहाजाच्या फळ्यांची करकर ऐकू येते आणि मूळ कवितेतले दुसरे अवतरण गायले न जाता बोलले जाते. वारा पडून थांबलेले जहाज येथे प्रथमच श्राव्य होते. शब्दार्थ आणि ध्वन्यनुभव यांच्यामधील हे अंतर या विद्यार्थ्याने नेमके हेरले आहे. मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या विवेचनात संवाद, विरोध आणि समतोल अशी जी त्रयी मांडली, तिच्यातील विरोधलयीचे इतके स्वच्छ उदाहरण मला पाठ्यपुस्तकात मिळालेले नाही. 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ साली प्रसिद्ध झाले; तेव्हापासून आपण ही त्रयी पाठ करतो आहोत आणि ती कुठे ऐकू येते हे विचारायचे विसरलो आहोत. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या मुलुखातल्या मुलाला तहान नेमकी कुठे लागते, याला तर मी अधिकच महत्त्व देईन. याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो, ते क्षितिज त्याच्या निबंधात अमूर्त असते. येथे ते गावाच्या शिवारापासून सुरू होते.

याच प्रकारचा प्रयोग आय. ए. रिचर्ड्‌सने केम्ब्रिजमध्ये केला होता. कवीचे नाव झाकून तेरा कविता त्याने विद्यार्थ्यांना दिल्या, त्यांची मते लेखी घेतली आणि १९२९ साली त्यांवर 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ सिद्ध केला. ती मते बरीचशी उथळ, भाबडी, कधी हास्यास्पदही होती; रिचर्ड्‌सला त्यांतून वाचनातील अडथळ्यांचे निदान करायचे होते. पण निदानासाठी का होईना, त्याने ती वाचली, जपली आणि छापली. आपण त्या ग्रंथावर व्याख्याने देतो. केम्ब्रिजच्या विद्यार्थ्यांचे अडाणी मत हे सिद्धान्ताचे साधन होते आणि मेहकरच्या विद्यार्थ्याचे मार्मिक मत ही टवाळी ठरते, यामागे कोणते सौंदर्यशास्त्र आहे, ते कोणीतरी मला समजावून सांगावे.

परंपरेचा आधार घेऊनही सुटका होत नाही. सहृदय हा शब्द आपण ज्या आदराने उच्चारतो, त्या आदराने प्रत्यक्ष प्रेक्षकाकडे पाहण्याची तयारी भरताने दाखविली होती. नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीची चर्चा करताना तो प्रेक्षकांचे स्मित, हास्य, 'साधु' आणि 'अहो' असे उद्गार, वाढत जाणारा गजर, रोमांच, जागेवरून उठणे, वस्त्रे व अंगठ्या रंगमंचाकडे फेकणे हे सर्व मोजतो. ही मानुषी सिद्धी. तिच्याहून श्रेष्ठ अशी दैवी सिद्धी तो मानतो, पण म्हणून पहिलीला असभ्य म्हणत नाही. तेथेच तो प्रेक्षकांच्या रुची वेगळ्या असतात हेही सांगतो : तरुणांना शृंगार, शूरांना बीभत्स, रौद्र आणि युद्ध, वृद्धांना धर्माख्याने व पुराणे. आपल्या विद्यापीठीय समीक्षेने यांतील फक्त वृद्धांची रुची प्रमाण मानली आणि तिला रससिद्धान्त असे नाव दिले.

आता आक्षेप. पहिला अडोर्नोच्या नावाने येतो : बाजारू संगीताचा श्रोता प्रतिगामी होतो, त्याला सलग ऐकता येत नाही, तो सुटे सुखद क्षण वेचतो, आणि त्याचे मत हे बाजाराचेच प्रतिध्वनी असतात. अडोर्नोने हे १९३८ साली लिहिले आणि त्यातले पुष्कळसे आजही खरे आहे. पण तेरा मिनिटांची रचना मध्ये न सोडता ऐकून तिच्यातल्या नीरवतेवर बोलणारा श्रोता या वर्णनात बसत नाही. उलट दहा मिनिटांचे ध्वनिफितीवरचे काव्यवाचन ऐकताना चुळबुळ करणारे अध्यापक मी पाहिले आहेत.

दुसरा आक्षेप देशीवादाचे नाव घेऊन येतो. हे संगीत परके, म्हणून त्याविषयीचे मतही उसने. मूळ देशीवादी मांडणी इतकी स्वस्त नाही; बाहेरून आलेले इथल्या मातीत कसे रुजते, हा तिच्यातला खरा प्रश्न आहे. तहानेविषयीचे वऱ्हाडी वाक्य याच प्रश्नाचे उत्तर आहे. मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' या बँडने २०१७ साली 'दशावतार' नावाचा अल्बम काढला. त्यात विषय देशी आहे म्हणून तो आपला आणि 'पॉवरस्लेव्ह'मध्ये इजिप्त आहे म्हणून तो परका, इतके सोपे गणित मांडणाऱ्याने देशीयता हा विचार आशयाच्या यादीत कोंबला आहे.

तिसरी अडचण आक्षेपकांची नाही, कैवाऱ्यांची आहे. हेवी मेटल म्हणजे आपला गोंधळच, हॅरिस म्हणजे शाहीरच, मूळ पद घेऊन स्वतःच्या शब्दांत आख्यान लावतो म्हणजे कीर्तनकारच, असे म्हणून ते या संगीताला प्रमाणपत्र मिळवून देऊ पाहतात. साम्ये खोटी नाहीत. पण कीर्तनाशी नाते लागले नाही तर कान लावायचा नाही, अशी अट त्यात गृहीत आहे. मला ती मान्य नाही.

मतांची स्वतःची दुखणी आहेतच. श्रेष्ठ अल्बम कोणता, कितवा, 'नंबर ऑफ द बीस्ट' वर की खाली, या क्रमवारीच्या वेडाने श्रोत्यांच्या चर्चेचा निम्मा वेळ खाल्लेला असतो. आवडले ते 'थोर' आणि नावडले ते 'कचरा', यापलीकडे न जाणारी मते मी समीक्षा म्हणून पुढे करीत नाही. आपल्याकडील वाङ्मयीन पुरस्कारांची चर्चा याहून फार वेगळ्या पातळीवर चालते असे मात्र कोणी म्हणू नये.

मला खरी चिंता वेगळ्याच गोष्टीची आहे. शालान्त परीक्षेपासून विद्यार्थ्याला रसग्रहणाचा साचा हाती दिला जातो : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. गाइडातली तीन परिच्छेदांची उत्तरे तो पाठ करतो. केशवसुत असोत, बालकवी असोत, वाक्ये तीच, नाव बदलते. पदव्युत्तर वर्गापर्यंत तो पोहोचतो तेव्हा कवितेविषयी स्वतःचे एकही वाक्य त्याच्यापाशी उरलेले नसते. त्याच मुलाला त्याच्या आवडीच्या अल्बमविषयी विचारा. तो तुलना करतो, अपवाद दाखवतो, आधीच्या गायकाच्या आणि नंतरच्या गायकाच्या आवाजाने रचनेचा स्वभाव कसा पालटला हे सांगतो, दुसऱ्याचे मत खोडतो आणि खोडताना पुरावा देतो. त्याची चिकित्सक बुद्धी मेलेली नाही. आमच्या तासाला ती येत नाही इतकेच. तिला 'मत' म्हणून दारात अडवणारे आपण पुन्हा वाङ्मयीन अभिरुचीच्या ऱ्हासावर चर्चासत्रे भरवतो. १९९३ साली अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' निघू लागले, तेव्हा महानगराबाहेरच्या श्रोत्याला या संगीतावर छापील चर्चा मिळाली. मराठीत असे एकही पान उघडले गेले नाही, आणि त्याची खंत मराठीच्या विभागांना वाटली नाही.

कोलरिजच्या मूळ कवितेलाही तिच्या श्रोत्यांनी सोडले नव्हते. १७९८ मध्येच साउदीने परीक्षणात तिची संभावना केली. सहलेखक वर्ड्‌स्वर्थने १८०० च्या आवृत्तीत तिला अग्रस्थानावरून हलवले आणि तिच्यातल्या दोषांची यादीच टिपेत दिली. १८१७ मध्ये कोलरिजने कवितेच्या समासात गद्य टिपा छापल्या. कवीच आपल्या कवितेच्या कडेला वाचक होऊन बसला. कविता असंभाव्य आहे आणि तिच्यात बोध नाही, अशी तक्रार श्रीमती बार्बोल्ड यांनी केली, तेव्हा असंभाव्यता त्याने मान्य केली, पण बोध कमी नसून जास्तच झाला आहे, असे त्याचे उत्तर होते. समीक्षेच्या इतिहासात या साऱ्याला मानाचे स्थान आहे. यांतले प्रत्येक विधान म्हणजे एका वाचकाचे किंवा श्रोत्याचे मत होते.

'राइम'च्या शेवटी ईश्वराने निर्मिलेल्या सर्वांवर प्रेम करावे, हा बोध येतो आणि त्यानंतर कथा पुढे चालूच राहते असे सांगून गाणे थांबते. आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने यावर लिहिले, की शेवटी उपदेश आल्यामुळे इतका वेळ वाटलेली भीती वाया गेली. तिच्या शेजारणीने तो कागद वाचून खाली लिहिले : उपदेश कोणी ऐकला? लग्नाला आलेला माणूस तर लग्न सोडून परत गेला. बार्बोल्डबाईंचे नाव दोघींनाही ठाऊक नव्हते. त्यांचा वाद तास संपेपर्यंत मिटला नाही आणि तो मी मिटवलाही नाही; दोन्ही कागद जपून ठेवले आहेत.