उजनीत चिलापी मुबलक, मग तिचा भाऊबंद चांबो आफ्रिकेत संकटात का?

भिगवणच्या बाजारात मिळणारी चिलापी, म्हणजेच तिलापिया, मूळची आफ्रिकेची. भारतात ती 1952 मध्ये आणली गेली आणि इथल्या पाण्यात तिने असं बस्तान बसवलं की आता स्थानिक माशांची काळजी वाटते. पण तिच्याच कुळातला चांबो मात्र स्वतःच्या घरातच संपत चाललाय.

चांबो म्हणजे नेमकं काय?

मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये मलावी सरोवर आहे. तिथल्या तिलापिया गटातल्या काही जवळच्या प्रजातींना स्थानिक लोक चांबो म्हणतात. मलावीत पाहुणा आला की चांबोचा बेत ठरलेला. 2018 मध्ये आययूसीएन या जागतिक संस्थेने चांबोच्या चारपैकी तीन प्रजाती 'अतिसंकटग्रस्त' ठरवल्या. नामशेष होण्याआधीची ही जवळपास शेवटची पायरी.

एक वाढते, दुसरा का घटतो?

दोन्ही माशांची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते. त्यामुळे पिल्लं थोडी, पण जगण्याची शक्यता जास्त. फरक वयाचा आहे. आपल्याकडे आणलेली तिलापिया काही महिन्यांतच अंडी घालायला लागते. चांबोला त्यासाठी काही वर्षं लागतात. त्याआधीच तो जाळ्यात सापडला, तर पुढची पिढी येणार कुठून?

नेमकं तेच झालं. लोकसंख्या वाढली, शेतीवर भागेना, म्हणून अधिक लोक मासेमारीकडे वळले. मोठे मासे कमी झाले तशी जाळ्यांची भोकं बारीक होत गेली. मलेरियापासून वाचण्यासाठी मिळालेल्या मच्छरदाण्याही पाण्यात उतरल्या. तळावरून ओढली जाणारी जाळी तर नराने वाळूत केलेली घरटीही मोडतात. शेजारच्या मालोंबे तलावात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच चांबोची मासेमारी कोसळली होती.

मग बंदी का घालत नाहीत?

बंदी आहे. ठरावीक काळ मासेमारी बंद असते, जाळ्यांचे नियम आहेत, गावोगावी किनारा समित्याही आहेत. पण बंदीच्या काळात चूल कशी पेटवायची, याचं उत्तर नियमात नाही. आज जाळं टाकलं नाही तर घरचे उपाशी, आणि टाकलं तर उद्या मासाच नाही, अशा कात्रीत मच्छीमार सापडलाय.

याचा फटका कुणाला?

आता सरोवरातून येणाऱ्या मासळीत उसिपा या छोट्या माशाचा वाटा मोठा आहे. चांबो महाग झाला आणि गरिबाच्या ताटातून गेला. मलावीत अनेकांसाठी मासे हाच प्राणिज प्रथिनांचा मुख्य आधार आहे. म्हणून चांबो वाचवायचा, तर बंदीच्या काळात मच्छीमाराला दुसरी कमाई द्यावी लागेल. नुसती जाळी जप्त केल्याने भूक जप्त होत नाही.