कामा रुग्णालयालगतची गल्ली आणि तर्कवितर्क

अशोक कामटे हे नाव सोलापूरकरांना केवळ वृत्तपत्रांतून ठाऊक झालेले नाही. ते या शहराचे पोलीस आयुक्त होते. येथून मुंबईस गेले आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयालगतच्या गल्लीत हेमंत करकरे व विजय साळसकर यांच्यासह मारले गेले. माढा तालुक्यातील सुलतानपूरचा राहुल शिंदे हा राज्य राखीव पोलीस दलाचा जवान त्याच हल्ल्यात ताज हॉटेलात कामी आला. त्याचे गाव आता राहुलनगर झाले आहे. त्या रात्रीविषयी कोणी सैल बोलले की येथे ते जिव्हारी लागते.

आणि बोलले पुष्कळ गेले. करकरे २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव बॉम्बस्फोटाचा तपास करीत होते. या एका धाग्यावर तर्कांचे ठाणच्या ठाण विणले गेले. डिसेंबर २००८ मध्ये केंद्रीय मंत्री अंतुले यांनी शंका उपस्थित केली, तेव्हा गृहमंत्री चिदंबरम यांना लोकसभेत खुलासा करावा लागला. २००९ मध्ये निवृत्त पोलीस अधिकारी एस. एम. मुश्रीफ यांचे पुस्तक आले. त्याचाच हवाला देऊन मे २०२४ मध्ये, ऐन निवडणूक प्रचारात, विजय वडेट्टीवार यांनी करकऱ्यांना लागलेली गोळी कसाबची नव्हती, असे विधान केले. (निवडणुकीच्या तोंडावरच अशा आठवणी का जाग्या होतात, हे वाचकांनीच ताडावे.)

त्या गाडीत मागे जखमी होऊन पडलेला एक पोलीस शिपाई वाचला. त्याने न्यायालयात साक्ष दिली. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाबची शिक्षा कायम केली. ही साक्ष बाजूला सारून रचलेली कथा आम्हांस ग्राह्य वाटत नाही.

परंतु शंका घेणारे सारेच एका माळेचे मणी नव्हेत. विनिता कामटे यांनी तर्क लढविले नाहीत. माहितीच्या अधिकाराखाली त्यांनी पोलीस नियंत्रण कक्षाच्या नोंदी मिळविल्या आणि करकऱ्यांनी मागितलेली कुमक का पोहोचली नाही, असा रोखठोक प्रश्न २००९ मधील आपल्या पुस्तकात विचारला. करकरे यांच्या पत्नीने पतीच्या बुलेटप्रूफ जाकिटाविषयी विचारणा केली, तेव्हा ते गहाळ झाल्याचे उघड झाले. हे प्रश्न अप्रिय होते, पण त्यांना कागदाचा आधार होता. शासनाने तेव्हाच मोकळेपणाने उत्तरे दिली असती, तर अफवांना एवढे रान मोकळे मिळाले नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरा अपुरा तपास अन्यत्र आहे. १६६ जणांचे प्राण घेणाऱ्या या कटाचे सूत्रधार पाकिस्तानात होते. तेथे लख्वी व हाफिज सईद यांना दहशतवादाला अर्थपुरवठा केल्याबद्दल शिक्षा झाल्या. मुंबईच्या हत्याकांडाबद्दल मात्र नाही. हेडलीला २०१३ मध्ये अमेरिकेत ३५ वर्षांची कैद झाली. भारतातील दोन आरोपी निर्दोष सुटल्याने स्थानिक मदतीचा प्रश्नही अनुत्तरित राहिला. तहव्वूर राणाला एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणण्यात आले. त्याच्या खटल्यात काय निष्पन्न होते, याची वाट माढ्यातील एक कुटुंबही पाहत असेल.