कान दोन, मग कर्णे सात कशासाठी?

घरात संगणक घ्यायचे ठरले, की मुलांच्या मागण्यांची यादी वाढत जाते. आमच्या पेठ वडगावसारख्या बाजारपेठेच्या गावातही आता हे नित्याचे झाले आहे. संगणकाबरोबर हेडफोन हवा. तोही साधा ‘स्टिरिओ’ नको, ‘सेव्हन पॉइंट वन सराउंड’ हवा. शिवाय संगणकाची पेटी काचेची हवी आणि आत रंगीबेरंगी दिवे हवेत. भौतिकीचा शिक्षक म्हणून मुले व त्यांचे पालक माझ्याकडे सल्ला मागायला येतात, तेव्हा मी उलट विचारतो, ‘तुला कान किती?’ प्रश्न थट्टेचा वाटतो, पण सारा वाद त्याच्या उत्तरात आहे.

स्टिरिओ म्हणजे डाव्या व उजव्या बाजूंसाठी ध्वनीच्या दोन स्वतंत्र नोंदी. ही कल्पना ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन याने १९३१ सालच्या आपल्या पेटंट अर्जात सविस्तर मांडली. सराउंडमध्ये नोंदी अधिक असतात. ‘सात पॉइंट एक’ यातील सात म्हणजे ऐकणाऱ्याभोवती मांडलेले सात कर्णे आणि ‘एक’ म्हणजे फक्त खर्जातील घुमारा देणारा आठवा. चित्रपटगृहात ही व्यवस्था योग्यच आहे. तेथे शेकडो माणसे वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसलेली असतात आणि प्रत्येकाचे डोके मोकळेपणी वळत असते. ‘शोले’ (१९७५) चे ७० मि.मी.चे खेळ पाहिलेल्या मंडळींना पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावणारा आवाज आठवत असेल. तो परिणाम साधण्यासाठी खरोखरच ठिकठिकाणी कर्णे बसवावे लागतात. मात्र तीच संख्या कानावर बसणाऱ्या वाटीवर छापली, की तिचा अर्थ बदलतो. तो कसा, हे समजण्यासाठी आधी कानाकडे वळू.

आवाज कोठून आला हे आपणास कसे कळते? लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली याचे जे उत्तर दिले, ते मुख्यतः आजही मान्य आहे. समजा, बाजाराच्या दिवशी गर्दीत तुमच्या डाव्या हाताला कोणी हाक मारली. ती डाव्या कानी आधी पोहोचते. उजव्या कानी जाण्यास तिला डोक्याला वळसा घालावा लागतो. हा जादा रस्ता सुमारे २२ सें.मी. आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर उशीर होतो सुमारे ०.६५ मिलिसेकंद. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. ही युक्ती मुख्यतः सुमारे १५०० हर्ट्झपर्यंतच्या कंप्रतांना (पाठ्यपुस्तकातील वारंवारता) लागू पडते. त्याहून उंच स्वरांची तरंगलांबी डोक्यापेक्षा आखूड असते. डोक्याची जणू ‘सावली’ पडते आणि पलीकडच्या कानी आवाज क्षीण पोहोचतो. तेथे मेंदू तीव्रतेतील फरक वापरतो.

हे वर्गात पडताळता येते. गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात ती पारदर्शक नळी दीड मीटर घ्या. दोन्ही टोके दोन कानांशी अलगद धरा (आत खुपसू नका) आणि नळी पाठीमागून जाऊ द्या. मित्राला नळीच्या मध्यावर पेन्सिलीने टिचकी मारायला सांगा. आता मध्यापासून फक्त १ सें.मी. बाजूला टिचकी मारली, तर एका कानाचा रस्ता दुसऱ्यापेक्षा २ सें.मी.ने लांबतो. वेळेतील फरक पडतो सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी सुमारे ५८. तरीही बहुतेक विद्यार्थी बाजू अचूक सांगतात. प्रयोगशाळेतील आमचे स्टॉपवॉच या कामी निरुपयोगी आहे!

आता एक अडचण. बरोबर समोरून आलेला आणि बरोबर पाठीमागून आलेला आवाज दोन्ही कानी एकाच वेळी व सारख्याच तीव्रतेने पोहोचतो. मग पुढचे-मागचे, वरचे-खालचे कसे कळते? येथे कानाच्या पाळीच्या वेड्यावाकड्या घड्या कामी येतात. आवाज ज्या दिशेने येईल त्याप्रमाणे या घड्या काही उंच कंप्रता दाबतात व काही उचलतात. मेंदूने हा ठसा लहानपणापासून पाठ केलेला असतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच प्रयोगात हॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांच्या कानांच्या घड्यांत साचे बसवून त्यांचा आकार बदलला. त्यांना आवाज वरून येतो की खालून, हे सांगता येईना. काही आठवड्यांत मात्र ते नव्या कानांना सरावले. शिवाय आपण शंका आली की मान वळवतो, आणि मान वळताच दोन कानांतील फरक बदलून पुढच्या-मागच्याचा उलगडा होतो.

आता मुद्द्यावर येतो. कानाच्या पडद्याला सात आवाज वेगवेगळे मिळत नाहीत. कोणत्याही क्षणी त्याच्यावर हवेचा एकच दाब असतो, मग तो एका कर्ण्याने निर्माण केलेला असो वा सातांनी मिळून. दोन पडद्यांवरील दाब क्षणोक्षणी योग्य तसे बदलता आले, तर सभोवतालचे सर्व जग दोन कर्ण्यांनीही उभे करता येते. म्हणून दिशा ही हेडफोनमध्ये कर्णे कोंबून मिळत नाही. ती गणिताने मिळते. वेळेतील फरक, डोक्याची सावली आणि पाळीचा ठसा हे संगणकाने मोजून डाव्या-उजव्या आवाजात मिसळायचे असतात. हे काम प्रोग्रॅम करतो, आणि त्याला कोणताही चांगला स्टिरिओ हेडफोन चालतो.

‘खरा’ सराउंड म्हणून विकल्या जाणाऱ्या काही हेडफोनांत एकेका वाटीत तीन-चार लहान कर्णे असतात. कानाच्या पाळीवर थोड्या वेगळ्या कोनातून आवाज पडतो, एवढा त्यांचा लाभ मी मान्य करतो. पण वाटीतील जागा तेवढीच. ४० किंवा ५० मि.मी.च्या एका पडद्याऐवजी चिमुकले पडदे बसवले, की ते हवा कमी ढकलतात आणि खर्ज लंगडा पडतो. शिवाय वाटी बंद असल्याने डावीकडचा आवाज उजव्या कानी जातच नाही. म्हणजे रॅले यांनी सांगितलेली खूण मुळातच नाहीशी होते. तीही पुन्हा गणितानेच आणावी लागते. मग जादा कर्ण्यांनी साधले काय?

बाकीच्या बहुतेक ‘सराउंड’ हेडफोनांत प्रत्यक्षात दोनच कर्णे असतात आणि उरलेले काम प्रोग्रॅम करतो. त्यात वाईट काही नाही. फक्त प्रोग्रॅमची किंमत हेडफोनच्या किमतीत मिसळू नये. हा प्रोग्रॅम सामान्यतः सरासरी डोके व सरासरी कान धरून चालतो. त्यामुळे एका मुलाला पावलांचा आवाज स्पष्टपणे पाठीमागून येतो, तर त्याच्या भावाला तोच आवाज कवटीच्या आत वाजतो. दोघेही खरे बोलत असतात. खेळात असा प्रोग्रॅम उपयोगी पडतो, कारण पावले कोठे पडत आहेत हे खेळाच्या संगणकाला ठाऊकच असते. मात्र खेळाची व्यवस्था आणि हेडफोनची व्यवस्था दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नयेत. ठशावर ठसा उमटून दोन्ही पुसट होतात. गाणी ऐकताना तर ती बंदच करावी. ती दोन बाजूंसाठीच मिसळलेली असतात. मान वळवल्यावर आवाज जागच्या जागी ठेवणारे जे नवे हेडफोन आहेत, त्यांचे मात्र मला खरे कौतुक वाटते. मान वळवून दिशा शोधण्याची आपली जुनी सवय त्यांनी ओळखली आहे.

पेटीच्या सजावटीलाही माझी हीच कसोटी आहे. आमच्या कोल्हापूरला यंत्र उघडून पाहण्याची जुनी खोड आहे, आणि ती चांगली खोड आहे. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा येथेच घडवला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या विष्णुपंत दामले यांनी पुढे ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटाचे ध्वनिमुद्रण सांभाळले. या मंडळींनी यंत्राला हात लावला तो काहीतरी साधत नव्हते म्हणून. मग संगणकाच्या पेटीत काय साधत नाही? बहुधा थंडावा, आणि त्यापायी शांतता. पुढील बाजूस अखंड काच लावली, की हवा आत येण्याची वाट अडते, पंखे जोरात फिरतात व गोंगाट वाढतो. ८० मि.मी.च्या पंख्याऐवजी १२० मि.मी.चा लावला, तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होते; तो सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतो. फेरे निम्मे झाले, की पंख्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. जाळीची पुढची बाजू, एक मोठा पंखा आणि प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप नव्याने लावणे, एवढे पुरते.

याचा हेडफोनशी थेट संबंध आहे. पेटी घोंगावू लागली, की मूल नकळत आवाज वाढवते. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या शिफारशीनुसार मुलांसाठी ७५ डेसिबलला आठवड्यास ४० तासांची मर्यादा आहे. दर ३ डेसिबल वाढीस वेळ निम्मा होतो. म्हणजे ८४ डेसिबलला उरतात फक्त ५ तास. आंतरकर्णातील केशपेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. संगणक दुरुस्त होतो.

शिक्षकांना एक सूचना. शाळेत बाद झालेले संगणक पडून असतील, तर हे काम विद्यार्थ्यांच्या हातून जरूर करून घ्यावे. मात्र वीजपुरवठ्याचा डबा कोणीही उघडू नये. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते, आणि तार काढल्यावरही आतील धारित्रात तेवढा विद्युत्‌दाब काही काळ टिकू शकतो.

ज्यांनी सराउंड हेडफोन आधीच घेतला आहे, त्यांनी एक चाचणी करावी. डोळ्यांवर पट्टी बांधावी. मित्राने नाणे उडवून, छापा पडल्यास सराउंड चालू व काटा पडल्यास बंद ठेवून, खेळातील एकच आवाज कधी समोरून व कधी पाठीमागून वाजवावा. ऐकणाऱ्याने ‘पुढे’ की ‘मागे’ एवढेच सांगावे. चालू व बंद अशा प्रत्येकी २० खेपा भराव्यात. नुसत्या अंदाजाने २० पैकी १० उत्तरे बरोबर येतात. १५ किंवा अधिक येण्याची शक्यता केवळ दोन टक्के. दोन्ही आकडे वहीत लिहावेत, आणि शेजारच्या रकान्यात हेडफोनची किंमत लिहून वही घरच्यांना दाखवावी.