टाके सुकले, पण उकिडवं बसता येतं का?

जांघेतल्या हर्नियाची शस्त्रक्रिया झाली, आत जाळी बसली. टाके पाहून डॉक्टर म्हणाले, "झकास!" कागदावर मी बरा झालो. माझ्या गावी, शिनोलीत परतल्यावर मात्र युरियाची ४५ किलोची गोणी उचलायची हिंमत होईना. खोकला आला की आधी हात जांघेवर जाई. भातलावणी तर भावकीनंच उरकली. याची नोंद केसपेपरवर कुठेच नाही.

नोंद करता येते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं २००९पासून काही वर्षं हर्नियाच्या रुग्णांकडून शस्त्रक्रियेआधी आणि नंतर ईक्यू-५डी ही प्रश्नावली भरून घेतली. तिच्यात प्रश्न पाच गोष्टींवर: चालणं, स्वतःची आवराआवर, रोजची कामं, वेदना, चिंता. शिवाय आजच्या तब्येतीला ० ते १०० पैकी गुण. ही प्रश्नावली मराठीतही आहे. जाळी बसवलेल्यांसाठी 'कॅरोलायनाज कम्फर्ट स्केल' ही वेगळी प्रश्नावली आहे. ती वाकणं, खोकणं, जिने चढणं असं सगळं विचारते. आता आमच्या वस्तीवर जिने कुठले? उकिडवं बसणं, डोक्यावर भारा घेणं, बांध चढणं, हे सोबत वेगळं विचारा की!

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अनेक शस्त्रक्रियांचा खर्च सरकार उचलतं. मग त्या खर्चानं माणूस कामाला लागला का, हेही सरकारनंच विचारायला हवं. त्यासाठी घोडेगावच्या दवाखान्यात खेटे नकोत. आशाताईंनी शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी घरी येऊन विचारावं, आणि या कामाचा मोबदला त्यांना वेगळा मिळावा.