डोळ्यातले थेंब

'आपला हात जगन्नाथ' ही म्हण मी छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिली. तिच्यावर मुलांकडून निबंध लिहून घेतले, गुण दिले. गेल्या वर्षी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्याच म्हणीच्या नादाने मी स्वतः नापास झालो.

झालं असं, की डॉक्टरांनी डोळ्यात घालायला थेंब दिले. दिवसातून सहा वेळा. पुण्याची लेक रजा काढून येते म्हणाली. मी म्हटलं, "अगं, स्वयंपाक मी करतो, कपडे मी धुतो, थेंब घालायला माणूस कशाला?" ही गेल्यापासून माझं कुणावाचून अडलं नाही, याचा मला अभिमान होता.

पण बाटली डोळ्यावर धरली की हात थरथरायचा, पापणी मिटायची आणि थेंब गालावर. मी तोही मोजायचो! आठवड्याने तपासणीला गेलो तर डोळ्याला सूज. डॉक्टरांनी विचारलं, "सर, औषध खरंच डोळ्यात जातंय ना?" मला उत्तर देता येईना.

त्या संध्याकाळी शेजारचं दार वाजवलं. काही मागायला म्हणून, दहा वर्षांत पहिल्यांदाच. त्यांच्या सूनबाईंनी महिनाभर न चुकता थेंब घातले. चौथ्या दिवशी त्या चाचरत म्हणाल्या, "सर, आमच्या धाकट्याला अपूर्णांक समजत नाहीत. थोडं बघाल का? तुम्ही कधी कुणाकडे काही मागत नाही, म्हणून आम्हालाही विचारायला संकोच वाटायचा."

हे वाक्य मला लागलं. ज्याला मी स्वावलंबन म्हणत होतो, त्याने दुसऱ्यासाठीही दार बंद करून ठेवलं होतं.

आमच्या सातारा जिल्ह्याला स्वावलंबन शिकवलं ते कर्मवीर भाऊराव पाटलांनी. १९१९ साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. 'कमवा आणि शिका' हे तिचं सूत्र. वर्गात मी ते अभिमानाने सांगायचो. पण वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, ही गोष्ट मी त्यागाच्या धड्यात सांगायचो, स्वावलंबनाच्या नाही. खरं तर ती त्याच धड्याची दुसरी बाजू. ती पोरं राबत होती, आणि कुणीतरी त्यांना सांभाळतही होतं.

याचा अर्थ सगळं दुसऱ्यावर सोडावं असा नाही. माझ्या वयाचे काही जण गुडघे धड असताना पाण्याच्या पेल्यासाठी सुनेला हाक मारतात. ते परावलंबन नव्हे, ती निव्वळ सवय. मी आता स्वतःला एकच विचारतो : हे मला जमतं पण कंटाळा आहे, की जमत नाही पण लाज वाटते? कंटाळा असेल तर उठून करायचं. लाज असेल तर मागायचं, आणि वेळेवर मागायचं.

असो. पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. काल लेकीला फोन करून म्हटलं, "आठवडाभर रजा टाक, ये."

पलीकडे क्षणभर शांतता. मग काळजीचा आवाज आला, "बाबा, तुम्हाला बरं आहे ना?"